जहाजाला परसदार नसते

घराला परसदार असते, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचे महत्त्व सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. स्वयंपाकघरातील खरकटे, न्हाणीचे सांडपाणी, गोठ्यातील शेण, आजाऱ्याचे अंथरूण, या साऱ्यांची वाट घराच्या मागल्या अंगाने निघते. नाकाला जे नको ते मागे जाते आणि पुढे ओसरीवर उदबत्तीचा वास दरवळत राहतो. जहाजाला मात्र परसदार नसते. तेथे स्वयंपाक, शेज, कोठार, गोठा, दवाखाना आणि शौचकूप ही सारी एकाच लाकडी पेटीत कोंबलेली असतात, आणि त्या पेटीत शेकडो माणसे महिनोन् महिने संसार करतात. सभोवती अथांग समुद्र असताना घाण बाहेर लोटायला कितीसा वेळ, असे जमिनीवरच्या माणसाला वाटते. परंतु घाणीचा स्वभाव बाहेर जाण्याचा नसून खाली जाण्याचा आहे, आणि जहाजाच्या खाली जहाजाचाच तळ असतो. शिडांच्या जहाजांच्या काळात या एका गोष्टीने माणसांना किती छळले आणि त्या छळातून माणसे काय शिकली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण तो बोधप्रदही आहे.

प्रथम या घरातील वासांची नोंद घेऊ. अठराव्या शतकातील इंग्रजी युद्धनौकेवर खलाशी ज्या कापडी झोळीत निजत, ती टांगण्यासाठी प्रत्येकाला नियमाने १४ इंच रुंदी मिळे. निम्मे लोक पहाऱ्यावर गेले की ती दुप्पट होई, एवढाच काय तो दिलासा. १८०५ साली ट्रफाल्गारच्या लढाईत 'व्हिक्टरी' या जहाजावर आठशेहून अधिक माणसे होती. त्यांचा घाम, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात धुतल्यामुळे कधीही पुरते न वाळणारे त्यांचे कपडे, पिंपातील खारवलेले मांस, डांबर, दिव्यांची चरबी, आणि ताज्या मांसासाठी व दुधासाठी बरोबर घेतलेली डुकरे, कोंबड्या व शेळ्या! शौचाची सोय जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, नाळेजवळ, उघड्यावर केलेली असे. शिडांचे जहाज बहुधा मागून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर चालते. तेव्हा पुढच्या टोकाचा वास पुढेच निघून जातो, हा त्यातला हिशेब. अधिकाऱ्यांच्या खोल्या मागच्या बाजूला असत आणि त्यांना आडोशाची स्वतंत्र व्यवस्था असे. म्हणजे जहाजावर वाऱ्याची दिशा आणि माणसाची पायरी यांचा संबंध बांधणीच्या वेळीच जुळवलेला होता.

परंतु तुफान सुटले असता, किंवा अंगात ताप भरला असता, नाळेपर्यंत जाणार कोण? लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांची हीच कथा होती. ही अवाढव्य जहाजे कधी कधी हजारापर्यंत माणसे घेऊन निघत आणि आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला पोहोचण्यास त्यांना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागे. फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ साली गोव्यात आला आणि १६१० मध्ये पोर्तुगीज जहाजानेच परत निघाला. त्याने आपल्या वृत्तांतात नोंदवले आहे की ही जहाजे अत्यंत गलिच्छ आणि दुर्गंधीयुक्त असत, कारण बहुतेक लोक विधीसाठी वर डेकवर जाण्याचे कष्टच घेत नसत. आणि इतकी माणसे दगावतात त्याचे हे एक कारण होय. इंग्रज व डच लोक या बाबतीत अधिक काटेकोर असतात, असेही तो सांगतो. नवल असे की याच पिरारने गोव्यातील राजाच्या इस्पितळाच्या स्वच्छतेची व टापटिपीची तोंड भरून स्तुती केली आहे. तो स्वतः आजारी असताना तेथे राहिला होता. जहाजांतून उतरवलेले रोगी याच इस्पितळात आणले जात. म्हणजे एकाच राजसत्तेच्या छत्राखाली मांडवीच्या काठी निर्मळ इस्पितळ होते आणि त्याच मांडवीत नांगर टाकणाऱ्या जहाजांत नरक होता. स्वच्छता ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. ती जहाजावर कशी न्यावी, हे साधले नव्हते.

या नरकाचे मूळ असे ते जहाजाच्या तळाशी. लाकडी जहाज कितीही घट्ट बांधले तरी फळ्यांच्या सांध्यांतून थोडे पाणी झिरपतेच. जहाजाला स्थैर्य यावे म्हणून तळाशी दगडगोटे व वाळू भरलेली असे. वरून गळणारे सारे काही, म्हणजे सांडलेले अन्न, जनावरांचे मूत्र, फुटलेल्या पिंपातील खारवणी, मेलेले उंदीर, या वाळूत मुरे. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात. जेथे हवा पोहोचत नाही तेथे वाढणारे सूक्ष्म जंतू सडक्या द्रव्यांवर पोसताना या क्षारांपासून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार करतात. कुजलेल्या अंड्याचा जो वास तो याचाच. हा वायू वर आला की शिशाचा पांढरा रंग काळा पडे, अधिकाऱ्यांच्या चांदीच्या वस्तू काळवंडत, आणि तळाची कुंडी तपासण्यास उतरलेला माणूस कधी कधी तेथेच कोसळून मरे. त्याला वर काढण्यासाठी गेलेला दुसराही त्याच्याजवळ पडे.

येथे अनुभवी नाविकांना एक विलक्षण गोष्ट आढळून आली. जे जहाज गळके ते ताजे, आणि जे अगदी घट्ट ते घाणेरडे! गळक्या जहाजात रोज नवे पाणी शिरते आणि ते उपसण्यासाठी रोज पंप चालवावा लागतो. त्यामुळे तळ आपोआप विसळला जातो. घट्ट जहाजात मात्र तेच पाणी आठवडेच्या आठवडे कुजत राहते. तेव्हा काही दक्ष कप्तान तोटी उघडून मुद्दामच समुद्राचे स्वच्छ पाणी तळाशी घेत आणि उपसलेले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पंप चालू ठेवत. ज्या पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी जहाज बांधायचे, त्यालाच आत बोलवायचे, ही युक्ती पुस्तकातून आलेली नव्हती. ती नाकाने शिकवली होती.

मात्र विद्वानांच्या मनात त्या काळी निराळीच कल्पना घट्ट बसलेली होती. दुर्गंध हे रोगाचे केवळ लक्षण नसून तोच रोगाचे बीज आहे, अशी ती कल्पना. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे. खलाशांचा ताप, आमांश, स्कर्व्ही, या साऱ्यांचा दोष कोंदट, ओलसर, नासक्या हवेला दिला जाई. साहजिकच वासावर वासाने मात करावी, असे उपाय निघाले. डेकवर व्हिनेगर शिंपडावे, डांबर जाळावे, गंधकाचा धूर करावा, बंदुकीची दारू ओली करून पेटवावी. १७९५ साली जेम्स कार्मायकेल स्मिथ या वैद्याने शिअरनेस येथील 'युनियन' या रुग्णालय-नौकेवर शोऱ्याच्या आम्लाची धुरी देऊन पाहिली आणि १८०२ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्याबद्दल त्याला ५,००० पौंडांचे बक्षीस दिले. या साऱ्या धुऱ्यांचा थोडा उपयोग झालाही असेल. निदान उवा-पिसवांना तरी त्या मानवल्या नसतील. परंतु जुन्या वासावर नवा तिखट वास चढला म्हणजे घाण गेली, हे समाधान बहुतांशी फसवे होते. खालचे पाणी होते तेथेच होते.

याच चुकीच्या कल्पनेतून एक चांगले पाऊलही पडले. हवा नासली असेल तर ती बदलली पाहिजे, असा विचार काही लोकांनी केला. १७४१ साली एकमेकांपासून दूर असलेली तीन माणसे एकाच प्रश्नाशी झुंजत होती. लंडनमधील सॅम्युअल सटन हा पेयगृह चालवणारा मनुष्य. त्याने सुचवले की जहाजाच्या स्वयंपाकघरातील चुलीला हवा हवीच असते. मग ती डेकवरून न घेता नळ्यांवाटे तळातूनच ओढून घ्यावी, म्हणजे अन्नही शिजेल आणि तळही मोकळा होईल. डॉ. रिचर्ड मीड या नामांकित वैद्याने त्याची बाजू उचलून धरली आणि डेट्फर्ड येथे त्याचा प्रयोगही झाला. स्वीडनमध्ये मार्टिन ट्रीवाल्ड याने हवा खेचणारे यंत्र रचले. आणि टेडिंग्टन या गावचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी रॉयल सोसायटीपुढे आपल्या 'व्हेंटिलेटर'चे वर्णन वाचले. झाडाच्या खोडातून चढणारा रस आणि घोड्याच्या धमनीतील रक्ताचा दाब मोजणारे हे तेच हेल्स होत. त्यांचे यंत्र म्हणजे लोहाराच्या भात्याचीच मोठी बहीण. लाकडी पेटी, तिच्यात बिजागरीवर वरखाली होणारी फळी, आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. दोन माणसांनी दांडा हलवला की खालची हवा बाहेर आणि वरची आत. शिडाच्या कापडाची लांब नळकांडी टांगून वारा खाली उतरवण्याची पद्धत जुनीच होती; पण वारा पडला की ती लुळी पडे आणि वादळात गुंडाळून ठेवावी लागे. भात्याला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती.

या खटाटोपाची निकड किती होती, हे एका आकड्यावरून कळेल. १७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धात ब्रिटिश आरमारात १,८४,८९९ माणसे भरती झाली. लढाईत मारली गेली ती अवघी १,५१२; आणि आजाराने मेलेले व बेपत्ता झालेले मिळून १,३३,७०८, असा हिशेब प्रसिद्ध झाला होता. शत्रूच्या तोफेपेक्षा आपल्याच जहाजाचे पोट अधिक घातक होते. याच युद्धाच्या आरंभी, १७५६ मध्ये, आरमाराने हेल्सचे यंत्र आपल्या जहाजांवर बसवण्याचे ठरवले.

या यंत्राच्या कथेला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या जहाजांना हवेची सर्वांत अधिक गरज होती, ती आफ्रिकेतून गुलाम वाहणारी जहाजे. १७८८ साली लिव्हरपूलच्या 'ब्रूक्स' या जहाजाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात माणसे फडताळातील वस्तूंसारखी रचलेली दिसतात. प्रौढ पुरुषाला लांबी सहा फूट आणि रुंदी सोळा इंच! अलेक्झांडर फाल्कनब्रिज हा अशा जहाजांवर काम केलेला वैद्य. पाऊस किंवा वादळ आले की हवेची भोके बंद केली जात आणि मग खाली काय अवस्था होई, हे त्याने त्याच वर्षी लिहून ठेवले. स्वतः गुलाम म्हणून नेल्या गेल्याचे सांगणारा ओलाउदा इक्वियानो याच्या १७८९ मधील आत्मवृत्तात त्या प्रवासाची पहिली आठवण दुर्गंधाचीच आहे. हेल्सचे भाते अशाही काही जहाजांवर बसवले गेले. पण ते बहुधा दयेपोटी नव्हे. मेलेला गुलाम म्हणजे बुडालेले भांडवल, एवढाच त्यामागचा हिशेब होता. हवा तीच आणि यंत्रही तेच. परंतु माणसाला माणूस म्हणून हवा देणे आणि माल म्हणून हवा देणे, यांत केवढे अंतर आहे!

आरमारात मात्र हळूहळू शहाणपण येत होते. डॉ. जेम्स लिंड यांनी पाहिले की सक्तीने पकडून आणलेली माणसे आपल्या चिंध्यांबरोबर ताप घेऊन येतात. तेव्हा त्यांना आधी वेगळ्या नौकेवर ठेवून आंघोळ घालावी, जुने कपडे काढून घ्यावेत आणि नवे द्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. कप्तान जेम्स कुक यांनी १७७२ ते १७७५ या काळात 'रेझोल्यूशन' जहाजावर तीन वर्षे अठरा दिवसांचा प्रवास केला. ११८ माणसांपैकी आजाराने गेला तो एकच. त्यांनी १७७६ साली रॉयल सोसायटीपुढे आपली पद्धत मांडली आणि त्याबद्दल त्यांना कोप्ली पदक मिळाले. त्या पद्धतीत चमत्कार काहीच नव्हता. अंथरुणे वर आणून उन्हावाऱ्यात टाकायची, माणसे व कपडे स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे, स्वयंपाकाची तांब्याची भांडी घासायची, आणि लोखंडी पात्रात विस्तव पेटवून तो जहाजाच्या तळाच्या कुंडीत ठेवायचा. विस्तवाने ओल आटे, हवा तापून वर चढे आणि तिच्या जागी ताजी हवा उतरे. एखाद्या दक्ष गृहिणीने आपले घर राखावे, तसे या कप्तानाने जहाज राखले.

तरीही नाकावर सर्वस्वी विसंबणे किती धोक्याचे, हेही कुक यांच्याच चरित्रात दिसते. त्यांच्या पहिल्या सफरीत 'एंडेव्हर' जहाज १७७० च्या ऑक्टोबरात बटाव्हियाला पोहोचले, तेव्हा स्कर्व्हीने एकही माणूस दगावला नव्हता. परंतु त्या बंदरात आणि पुढल्या प्रवासात ताप व आमांशाने तीसएक माणसे गेली. जहाज तेच, शिस्तही तीच. शत्रू मात्र पाण्यातून आणि डासाच्या सोंडेतून आला होता. त्याला वास नव्हता.

पुढे एकेक रहस्य उलगडत गेले. स्कर्व्हीचा हवेशी संबंधच नव्हता. लिंड यांनी १७४७ मध्येच संत्र्या-लिंबांचा गुण दाखवून दिला होता. १७९५ मध्ये आरमाराने लिंबाचा रस देण्यास आरंभ केला आणि रोग हटला. जहाजावरचा तो भयंकर ताप, म्हणजे टायफस, उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली ट्युनिस येथे सिद्ध केले. आणि 'वाईट हवे'चे नाव धारण करणारा मलेरिया हवेने होत नाही, तो डासामुळे होतो, याचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी हैदराबादेजवळ सिकंदराबाद येथे मिळाला. दीडशे वर्षे ज्या दुर्गंधाला खुनी ठरवले गेले, तो बहुतेक खटल्यांत निर्दोष सुटला.

मग हेल्स, सटन, लिंड, कुक यांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. दुर्गंध खुनी नव्हता, तरी तो खरा साक्षीदार होता. जेथे दाटी, ओल, मळ आणि कोंडलेली हवा, तेथेच तो उभा असे. आणि उवाही तेथेच असत. त्याच्या मागावर निघालेल्या माणसांनी कपडे उकळले, अंथरुणे वाळवली, तळ धुतला, आणि जाता जाता उवा मेल्या. ज्यांनी केवळ वास दडपला, त्यांनी साक्षीदाराचे तोंड बंद केले. ज्यांनी वासाचे कारण शोधून काढले, त्यांच्या हातून, कारणाची उपपत्ती चुकीची असूनही, माणसे वाचली.

हा साक्षीदार एका बाबतीत फार नाजूक आहे. त्याला सवय फार लवकर लागते. खालच्या मजल्यावर निजणाऱ्या खलाशाला आठवड्याभरात काहीच जाणवेनासे होई आणि मागच्या खोलीतील अधिकारी खाली क्वचितच उतरे. म्हणजे ज्याला वास सोसावा लागे त्याला तो कळत नसे, आणि ज्याला कळला असता त्याच्यापर्यंत तो पोहोचत नसे. हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा तर याहून भयानक आहे. हवेतील त्याचे प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास अचानक नाहीसा झाला, म्हणजे हवा शुद्ध झाली असे समजून जो पुढे पाऊल टाकतो, तो परत येत नाही. आजही गटारांत व जहाजांच्या टाक्यांत उतरणारी माणसे याच वायूने प्राणाला मुकतात. म्हणून आधी यंत्राने हवा तपासावी, असा दंडक आहे.

लोखंडी जहाजे आली, पिण्याच्या पाण्याची लाकडी पिंपे जाऊन लोखंडी टाक्या आल्या, यंत्राचे पंखे आले. पण जहाजाला परसदार काही मिळाले नाही. पाणबुडीला तर खिडकीही नसते. तेथे हवेतील वास शोषून घेण्यासाठी कोळशाच्या विशिष्ट गाळण्या बसवाव्या लागतात. आता समुद्रालाही परसदार मानण्याची मुभा उरलेली नाही. २००३ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंधराहून अधिक माणसांच्या जहाजाला आपले मैलापाणी प्रक्रियेवाचून किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. ते टाकीत साठवावे लागते, आणि साठवले की तेच जुने जंतू, तोच जुना वायू! लहान नौकांवर संसार थाटणारे लोक आज या टाकीत भरपूर हवा खेळती ठेवतात; कारण हवा मिळाली की दुर्गंध निर्माण करणाऱ्या जंतूंचा जोर ओसरतो. सुगंधी द्रव्ये ओतून हे साधत नाही, असा त्यांचाही अनुभव आहे. गळक्या जहाजाने अडीचशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट हीच होती. जे कोंडले जाते ते कुजते.

गावे आणि शहरे जमिनीवर वसतात म्हणून त्यांना परसदार आहे असा भास होतो. पण एका घराचे परसदार हे बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी घरासमोर उघडते. नाल्याकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. जहाजावर ही लपवालपवी फार काळ टिकू शकली नाही, कारण मागच्या खोलीतील अधिकारी आणि खालच्या मजल्यावरील खलाशी यांना अखेर एकाच फळ्यांनी तरंगते ठेवले होते.